नऊ वर्षांचा मुलगा, कंबर साडेवीस इंच – बसणारी पँट गोव्यात कुठे मिळेल?

साखळीची_आई

नमस्कार सगळ्यांना. दोन वर्षं झाली या एका गोष्टीने मला पुरतं दमवलंय म्हणून इथे विचारतेय. माझा मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत आहे. उंची 134 सेंटीमीटर, वजन 25 किलो आणि कंबर फक्त साडेवीस इंच. डॉक्टरांना दाखवून झालंय, ते म्हणाले तब्येत ठणठणीत आहे, अंगकाठीच तशी आहे, बापावर गेलाय. तेव्हा त्याला खायला काय घालावं हे कृपया सांगू नका, ते घरी रोज ऐकते.

अडचण अशी की 7-8 वर्षांची पँट कमरेला जरा बरी बसते पण घोट्याच्या वर चार बोटं राहते, आणि 9-10 ची घेतली की उंचीला अगदी बरोबर पण कमरेत माझी अख्खी मूठ जाते. बेल्ट लावून बघितला. पुढे सगळ्या चुण्या गोळा होतात आणि संध्याकाळी शर्ट काढला की पोटावर बकलाचा लाल वळ दिसतो. युनिफॉर्मच्या दुकानात गेले तर ते म्हणतात एक नंबर मोठीच न्या, वाढतं अंग आहे. सासूबाईही तेच म्हणतात. पण वाढतोय तो उंचीला, कमरेला दोन वर्षांत अर्धा इंचसुद्धा वाढलेला नाही.

परवा शाळा सुटताना त्याला आणायला गेले तर मुलं मैदानात पकडापकडी खेळत होती आणि हा एकटा डावा हात कमरेवर दाबून पळत होता. हात सोडला की पँट खाली. घरी येताना गाडीवर मागून म्हणाला, आई मला पळायला दोन्ही हात पाहिजेत. तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही.

एका पँटला पाचशे-सहाशेच्या वर जमणार नाही, कारण वर्षाला चार-पाच तरी लागतात, पावसात तर वाळतच नाहीत. कुठे बघू? शिवून घेतलेली परवडते का?

मयें_ते_म्हापसा

ताई, म्हापशाला शुक्रवारी जाता का कधी? बाजारात मुलांच्या कपड्यांचे ठेले असतात तिथे अडीचशे-तीनशेला कॉटन पँट मिळते, पण तिथे घालून बघता येत नाही ना, म्हणून मी एक करते. मुलाची त्यातल्या त्यात बरी बसणारी एक पँट घरी जमिनीवर सपाट पसरायची आणि टेपने चार मापं लिहून घ्यायची: कंबर, सीट, बाहेरची उंची आणि पुढचं आसन म्हणजे वरच्या पट्टीपासून खाली जोडापर्यंत. कागद पर्समध्ये ठेवायचा, टेप पण. दुकानात लेबलावर 8 लिहिलंय का 10 ते बघायचंच नाही, सरळ पँट पसरून मापायची. एकाच ठेल्यावर एकाच नंबरच्या दोन पँटींत इंच-दीड इंचाचा फरक मला सापडलाय. वेळ लागतो, विकणारा कधी कधी वैतागतो, पण मुलाला उन्हातून फिरवावं तरी लागत नाही. आणि लवकर जा, दहाच्या आत, नंतर गर्दीत पसरायला जागाच उरत नाही.

पेडण्याचा_बाबा

माझी मुलगी अशीच, उंच आणि काडी. तुम्हाला एक गोष्ट सांगतो जी मला फार उशिरा कळली. काही पँटींच्या कमरेत आतून इलास्टिकची पट्टी असते, तिला ओळीने काजं असतात आणि दोन बाजूंना आतल्या अंगाला बटणं. पट्टी ओढायची आणि पाहिजे त्या काजात बटण अडकवायचं. बाहेरून पुढचा भाग सपाट राहतो, चुण्या पडल्या तर मागे पडतात आणि त्या शर्टाखाली जातात. एच अँड एमच्या मुलांच्या बऱ्याच पँटींना अशी पट्टी असते. नवी घेतली तर तुमच्या बजेटच्या बाहेर जाईल, पण आमच्याकडे बहिणीच्या मुलाच्या जुन्या आल्या आणि दोन वर्षं चालल्या. त्यांच्या लेबलावर वयासोबत सेंटीमीटरमध्ये उंची पण असते, 128, 134, 140 अशी, तुम्हाला सरळ 134 किंवा 140 बघायचं, वय वाचायचंच नाही. सेल असेल तेव्हा बघा, नाहीतर ओळखीत कोणाची मोठी मुलं असतील तर विचारा, विचारण्यात काही कमीपणा नाही.

सुईदोरा_फोंडा

मी बावीस वर्षं शिवणकाम करतो, शाळेचे युनिफॉर्म जास्त. वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो.

पहिली गोष्ट, वाढत्या अंगाची म्हणून ढगळ पँट घेऊ नका. मूल वाढेपर्यंत ती पँट गुडघ्यावर आणि सीटवर झिजते, म्हणजे जेव्हा नीट बसायला लागते तेव्हा टाकायला झालेली असते. वाढीची सोय शिवणीत करायची असते, अंगावर नाही.

रेडीमेड घ्यायची तर उंची आणि सीट बघून घ्या, कंबर मागून आत घेता येते. मागच्या मधल्या शिवणीतून दीड इंच, फार तर दोन. त्याच्या पुढे गेलं की मागचे खिसे एकमेकांना भिडायला येतात, बाजूची शिवण मागे ओढली जाते आणि पोराला मांडी घालून बसता येत नाही. तुमच्या मापात 9-10 च्या पँटीत तीनेक इंच जादा असणार, म्हणजे सगळी कसर मागून काढायची नाही, दीड इंच मागून आणि बाकीचं मागच्या पट्टीत इलास्टिक घालून. टेलर नुसती मागून टीप मारून देतो म्हणाला तर थांबवा. वरची पट्टी उसवून, शिवण आत घेऊन, पट्टी कापून परत बसवावी लागते, त्याचे मी साठ ते ऐंशी रुपये घेतो.

पण एक लक्षात ठेवा, रेडीमेडमध्ये माया, म्हणजे शिवणीच्या आत राखलेलं जादा कापड, नसते. कापड शिवणीच्या कडेला कापून ओव्हरलॉक मारलेलं असतं. त्यामुळे आत घेता येतं, सोडता येत नाही. शिवून घेतलेल्या पँटीचा खरा फायदा तिथे आहे. मी अशा मुलांना मागच्या शिवणीत दीड इंच माया ठेवतो आणि खाली अडीच-तीन इंच दुमड, ती पण हातशिलाईने घालतो म्हणजे घरी बसून सोडता येते. उंची वाढली की एक घडी सोडा. जुन्या घडीची रेघ राहते, टेरीकॉटवर ओला फडका ठेवून कडक इस्त्री फिरवली तर बरीच जाते. जीन्सवर जात नाही, तिथला रंगच उडालेला असतो.

खर्च विचारलात. 58 इंची पन्ह्याचं, म्हणजे रुंदीचं, कापड तुमच्या मुलाला एक मीटर पुरतं, नाहीतर सव्वा घ्या, राहिलेल्या तुकड्यातून पुढे गुडघ्याला ठिगळ लावायला होतं. साधं टेरीकॉट मीटरला दीडशे-दोनशेला मिळतं आणि शिलाई माझ्याकडे साडेतीनशे. म्हणजे तुमच्या पैशांत बसतं, आणि उंचीला ती निदान दीड वर्ष तरी पुरते. फक्त चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधी महिनाभर कोणत्याच टेलरकडे जाऊ नका, घाईत आसन बिघडतं. कॉटन असेल तर कापड रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून मग द्या, नाहीतर पहिल्या धुण्यात आटतं आणि बोल आम्हाला लागतो.

साखळीची_आई

दादा, किती नीट सांगितलंत, खूप आभार. माया हा शब्द माझी आजी वापरायची, आज इतक्या वर्षांनी परत ऐकला. एक विचारू? शाळेचं कापड ठरलेल्या एकाच दुकानात मिळतं आणि ते तयार पँटच देतात. ते आटणार का, आणि शाळेला चालेल का बाहेरून शिवलेली?

सुईदोरा_फोंडा

ताई, दुकानात नुसतं कापड मीटरवर मागून बघा, बरेच जण देतात, लोक विचारत नाहीत म्हणून बोलत नाहीत. नाहीच दिलं तर त्यांची सगळ्यात लांब पँट घ्या आणि मला किंवा जवळच्या कोणाला उसवून कापायला द्या. युनिफॉर्मचं कापड बहुतेक मिश्र असतं, ते फारसं आटत नाही. शाळा रंग बघते, शिवण बघत नाही. तरी वर्गशिक्षिकेला आधी सांगून ठेवा, कारण सांगितलं की समजून घेतात.

वास्कोची_मेघा

इथे सगळे बारीक मुलांचं बोलताहेत म्हणून मी पण लिहिते, कारण आमचं उलटं आहे. माझा आठ वर्षांचा, कंबर 29. कमरेला बसणारी पँट मोठ्या मुलांची, ती खाली वीतभर लोळते आणि कापली तर गुडघ्याचा आकार पिंडरीवर येतो. मांड्या घासून आतून लाल होतात, आपल्याकडे घाम किती येतो ते माहीतच आहे. दुकानात सगळ्यांसमोर विकणारा मोठ्याने म्हणाला, ह्याच्या मापाचं मुलांच्यात नाही, मोठ्यांच्यात बघा. माझा मुलगा त्यानंतर सहा महिने दुकानात आला नाही, बाहेर गाडीपाशी थांबायचा. लहान मुलांना सगळं कळतं हो, कपड्यांवरून बोललेलं तर फार लागतं.

आमच्या टेलर काकींनी आसनात चौकोनी कळी घालून दिली, जिथे चार शिवणी एकत्र येतात तिथे. त्यामुळे ताण एका जागी येत नाही आणि जोडावर उसवायची ते बंद झालं. पहिल्या दिवशी तो घरात खाली बसून उठून, बसून उठून बघत होता. दादा, ही कळी सगळे घालून देतात का? दुसऱ्या एकाने मला नाही म्हणून सांगितलं.

सुईदोरा_फोंडा

घालता येते ताई, कंटाळा करतात. हाताच्या पंज्याएवढा तुकडा, कापडावर तिरका कापलेला, म्हणजे ताणतो. पन्नास रुपये जास्त द्या पण घालून घ्या. आणि मुलाचं माप दुकानात उभं राहून घेऊ देऊ नका, टेलरला सांगा आत पडद्यामागे घ्या.

डिचोलीकर

आम्ही वर्षातून एकदा चोर्ला घाटाने बेळगावला जातो, खडेबाजारात कापडाला व्हरायटी आहे, भाव पण बरे. साखळीहून तुम्हाला तोच रस्ता. पण नुसत्या दोन पँटींसाठी जाऊ नका, पेट्रोलमध्ये वाचलेलं जातं, पावसात तर घाट नकोच. दोन-तीन घरांनी मिळून वर्षाचं कापड आणलं तर परवडतं.

दुसरं असं की हूक टाळा. पावसाळ्यात कपाटात ठेवलेल्या पँटीच्या लोखंडी हुकाला गंज चढतो आणि त्याचा तांबूस डाग शर्टाला लागतो, तो मग सहजी निघत नाही. प्लास्टिकचं बटण लावायला सांगा.

रानफूल

माझ्या मुलीला शिवण आणि लेबल टोचतं, टोचलं की ती दिवसभर रडवेली असते. लेबल कात्रीने कापू नका, मुळाशी जो ठोंब राहतो तो जास्त टोचतो. सुईने एक एक टाका उसवून पूर्ण काढा. पँट आतून हात फिरवून बघा, आपल्याला खरखरीत लागलं तर मुलाला दुप्पट लागणार.

साखळीची_आई

तीन आठवड्यांनी परत आलेय. म्हापशाहून मापून एक पँट आणली, तीनशेला. काजांचं इलास्टिक पाऊण इंची, मीटरला तीस रुपये पडलं. मागच्या पट्टीच्या आतल्या बाजूला दोन लहान चिरा देऊन सेफ्टीपिनने ओवलं, टोकं बाजूच्या शिवणीपाशी बटणांना अडकवली. मला शिवण फारसं येत नाही तरी दुपारभरात झालं. घालून बघितली, आरशासमोर उड्या मारल्या, दोन्ही हात वर करून. पँट जागची हलली नाही!

पण एक झालं. शाळेतून आला तर उजव्या कुशीला बटणाचा गोल वळ. कमरेचं हाड अगदी वर आहे त्याचं, बटण बरोबर त्यावर येतंय. इलास्टिक सैल केलं की पँट सरकते. काय करू?

सुईदोरा_फोंडा

बटण हाडावरून हलवा. बाजूच्या शिवणीवर नको, दीड इंच पुढे पोटाकडे घ्या, तिथे अंग मऊ असतं. चीर पण तिथेच द्या, जुनी चीर हाताने शिवून टाका. कोटाचं जाड बटण लावलं असेल तर काढा, शर्टाचं चपटं चार भोकांचं लावा, मध्ये दोरा गुंडाळून उंच करू नका. आणि त्याच्यावर आतून जुन्या मलमलच्या धोतराचा दोन बोटांचा तुकडा वरच्या कडेला टाचून सोडा, झाकण पडतं तसा, म्हणजे बटण लावता पण येईल आणि अंगाला पण लागणार नाही.

इलास्टिक दर पावसाळ्यानंतर ओढून बघा, सैल पडलं असेल तर बदला. आणि शिवायची असेल ती पँट चवथ झाल्यावर आठवडाभराने घेऊन या, मुलाला बरोबर आणा, मी त्याला खाली बसवून माप घेईन.