ओढ्याचं काम चालू असताना केलेला बदल: आधी मान्यता की आधी मशीन?

माणदेशी लेव्हल (धागा सुरू करणारे)

उन्हाळा लागला की माण, खटाव, आटपाडी, कवठेमहांकाळ, जत या पट्ट्यात ओढा पुनरुज्जीवनाची कामं निघतात. मान्यता एका ओढ्याला मिळते आणि जूनपर्यंत जमिनीवर दुसराच ओढा तयार होतो. तळ ठरल्यापेक्षा खोल गेलेला असतो, वळण कापलेलं असतं, बंधारा वीस-तीस मीटर सरकलेला असतो. बदल कागदावर येतो तो बिलाच्या वेळी, ‘प्रत्यक्ष परिस्थितीनुसार’ या दोन शब्दांत.

माझं म्हणणं असं, की तळाची पातळी, उतार, काठ आणि बंधाऱ्याच्या सांडव्याची पातळी यांना हात लावणारा कुठलाही बदल ज्याने तांत्रिक मान्यता दिली त्याच्याकडे परत गेला पाहिजे, आणि तोही मशीन हलायच्या आधी.

एक साधा हिशेब बघा. लांबी ४०० मीटर, तळरुंदी ६ मीटर, खोली २ मीटर, बाजूचा उतार १:१.५ (एक मीटर खोलीला दीड मीटर आडवं). छेद १८ चौरस मीटर, म्हणजे खोदाई ७,२०० घनमीटर. आता साइटवर कुणीतरी म्हणालं, ‘अजून एक मीटर घ्या, मुरूमच आहे.’ छेद ३१.५ होतो, खोदाई १२,६०० घनमीटर. एका मीटरने काम ७५ टक्के वाढलं. वरची रुंदी १२ वरून १५ मीटर होते, म्हणजे दोन्ही काठांना दीड-दीड मीटर शेत गेलं. शेतकरी ते देत नाही, मग रुंदी १२ च ठेवून बाजू १:१ कापतात. काळ्या मातीत असा काठ पहिल्या मोठ्या पावसात बसतो आणि काढलेला गाळ परत तळात येतो.

पोकलेन आणि पाऊस

हिशेब बरोबर आहे, उपाय चुकला. कामाला खरे दिवस किती मिळतात? रब्बी निघेपर्यंत काठाने वाट मिळत नाही. मेमध्ये वळीव सुरू होतो. आटपाडीकडे तर टेंभू उपसा योजनेचं आवर्तन सुटलं की कोरडा म्हणून मोजलेला ओढा वाहायला लागतो. अशात फाइल तालुक्यातून जिल्ह्याला जाणार, शेरा मारून परत येणार, तोवर पोकलेन उभं. वळीव फाइलसाठी थांबत नाही. अर्धवट उकरलेला ओढा हा न उकरलेल्या ओढ्यापेक्षा वाईट, कारण वर रुंद नि खाली चिंचोळा अशा जोडावर पाणी अडतं आणि बाजूच्या रानात शिरतं.

बंधाऱ्याच्या पायाचं बघा. नकाशात कठीण थर दीड मीटरवर दाखवलाय, खोदल्यावर तीन मीटरपर्यंत ढिला मुरूम निघाला. त्या खड्ड्यात झिरप्याचं पाणी भरतंय, बाजू सुटतायत. मान्यता येईपर्यंत खड्डा उघडा ठेवायचा? शाखा अभियंत्याने तिथल्या तिथे ‘थर लागेपर्यंत घ्या’ म्हणायचं आणि दुसऱ्या दिवशी काँक्रीट ओतायचं. दुसरा मार्ग नाही.

मोजमाप पुस्तिका

पोकलेनभाऊ, पायाचं मान्य. पण बदल नेहमी एकाच दिशेला का जातो? खोदाई कमी झाल्याचा बदल कधी दिसत नाही. पैसे घनमीटरवर मिळतात म्हणून. सरकारी कामाच्या बी-१ करारातलं क्लॉज ३८ याचसाठी आहे. निविदेतल्या परिमाणाच्या १२५ टक्क्यांपर्यंतच निविदेचा दर, पुढच्या परिमाणाला दर नव्याने काढायचा. वरच्या उदाहरणात ९,००० घनमीटरच्या पुढचे ३,६०० घनमीटर त्यात येतात. आधी खोदून झालं आणि मग प्रस्ताव गेला, तर वरचा अधिकारी काय ‘नाही’ म्हणणार? खड्डा तर पडलेला आहे. त्याला आपल्याकडे कार्योत्तर मान्यता म्हणतात आणि ती न मिळालेली फाइल विरळाच.

अजून एक बदल कुणी बदलच समजत नाही. थराचं वर्गीकरण. अंदाजपत्रकात माती आणि मऊ मुरूम, बिलात कठीण मुरूम आणि कातळ. थर उचलून नेल्यावर तो काय होता हे कुणी सिद्ध करणार नाही. दर ३० मीटरला खोदाईआधीचे छेद, थर बदलला तिथे मशीन थांबवून पातळी, आणि स्टाफ (पातळी मोजायची पट्टी) उभा धरलेला फोटो. एवढं नसेल तर वाद घालूच नये.

मांजऱ्या खडक

दोघेही कागदावर भांडताय. खाली काय आहे ते बघा. आपल्याकडे वर माती, मग मुरूम, मग फुटका मांजऱ्या (छिद्रं-गाठी असलेला बेसॉल्ट), त्याखाली काळा कातळ. विहिरींना पाणी देतो तो मुरूम आणि मांजऱ्याच. ओढ्याचा तळ त्या थरात विहिरीच्या पाणीपातळीखाली गेला, की दिवाळीनंतर विहिरीचं पाणी ओढ्याकडे उतरतं. ‘खोल केला की पाणी मुरतं’ हे अर्धंच खरं. खोल केलेला ओढा मुरवतो तसा पाझरून रिकामाही करतो. बंधारा बरोबर जागी नसेल तर तो नुसता चर आहे. नाला खोलीकरणाच्या सूचनांत ३ मीटरची मर्यादा आहे, कातळात शिरायला मनाई आहे, ती उगाच नाही.

आणि मध्ये गेरूचा तांबडा पट्टा लागला तर तिथेच थांबा. उघडा पडला की तो ऊन-पाण्याने भुगा होतो, वरचा काठ अधांतरी राहतो.

मुळात हे बदल निघतातच का? चाचणी खड्डे नसतात म्हणून. निदान दर १०० मीटरला एक, बंधाऱ्याच्या जागी तीन (मध्ये आणि दोन्ही काठांना) घेतले तर निम्मे बदल अंदाजपत्रकातच संपतील.

पोकलेन आणि पाऊस

चाचणी खड्ड्याला अंदाजपत्रकात रक्कम कोण धरतं ते सांगा.

कृष्णाकाठ

तिकडे अमेरिकेत पात्रात भराव टाकायचा तर १९७२ च्या क्लीन वॉटर ॲक्टच्या कलम ४०४ खाली आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सची परवानगी लागते. पुनरुज्जीवनासाठी नेशनवाइड परमिट २७ हा ठराविक अटींचा सोपा रस्ता आहे. मंजूर कामाच्या बाहेर जायचं तर परवानगी बदलून घ्यायची. दुसरीकडच्या नुकसानीची भरपाई म्हणून केलेलं काम असेल तर २००८ च्या नियमाने किमान ५ वर्षं निरीक्षण. आपल्याकडे काम संपल्यावर प्रत्यक्ष खोदलं तसा एल-सेक्शन (तळाचा लांबीतला छेद) तरी काढतात का?

मोजमाप पुस्तिका

काढतात की. मंजूर नकाशाच्या तारखा बदलून.

पोकलेन आणि पाऊस

टोमणा कळला. पण तिकडचा नियम इकडे लावताना हे बघा, की तिथे प्रश्न आहे पात्रात भराव पडण्याचा आणि पाणथळ जागा जाण्याचा. आपल्याकडे ५०० मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस, आठ महिने कोरडं पात्र. कोरड्या ओढ्यात चूक झाली तर पाणी यायच्या आत दुरुस्त करता येते.

माणदेशी लेव्हल

सगळ्याच चुका नाही येत, दादा. वळण कापल्याचं घ्या. ४०० मीटरच्या वळणदार तुकड्यात २ मीटर उतार, म्हणजे १:२००. सरळ करून लांबी ३०० झाली की १:१५०. बाकी सगळं तेच धरलं तर वेग साधारण १५ टक्क्यांनी वाढतो. त्याने वरच्या बाजूचा तळ उलटा खचत वर सरकतो आणि पहिली फरशी किंवा मोरी गाठतो. दोन पावसाळ्यांनी मोरीचा पाया उघडा पडतो, तेव्हा कुणाला आठवतंय की खाली वळण कापलं होतं? मोरी बांधकाम खात्याची, ओढा जलसंधारणचा.

सांडवा पातळीचंही तेच. ‘जरा पाणी जास्त थांबू दे’ म्हणून बंधारा ३० सेंटीमीटर वाढवला, तर १:२०० उतारावर फुगवटा ६० मीटर मागे जातो. साखळीतल्या वरच्या बंधाऱ्याचा पायथा पाण्यात जातो किंवा कुणाच्या तरी रानाची वाट बुडते.

पायाच्या बाबतीत मात्र तुमचं ऐकतो. थर लागेपर्यंत खाली जाणं हा निर्णय साइटवरच व्हावा. माझी मागणी आवरती घेतो. तळ ठरल्यापेक्षा ३० सेंटीमीटरहून खाली, वळणाला हात, सांडव्याची उंची किंवा बंधाऱ्याची जागा: या चार गोष्टींना आधी मान्यता. उरलेल्यांना एक पानी चिठ्ठी. त्यात चेनेज (सुरुवातीपासूनचं अंतर), जुनी पातळी, नवी पातळी, कारण, फोटो, आणि ४८ तासांत उपअभियंत्याची सही.

पोकलेन आणि पाऊस

चार गोष्टींवर वरून किती दिवसांत उत्तर, ते पण लिहा. तुमच्या चिठ्ठीला ४८ तास आणि त्यांच्या फाइलला मुदतच नाही, असं चालणार नाही. पाच दिवस धरा. पाच दिवसांत उत्तर आलं नाही तर मशीन तो तुकडा सोडून खालून वर दुसऱ्या टप्प्यावर जाईल. उभं राहणार नाही, आणि वादाची जागाही उकरणार नाही.

मोजमाप पुस्तिका

हे चालेल, पण जागा सोडताना वरच्या टोकाला निदान १:५ चा उतार देऊन सोडा. उभी कड ठेवलीत तर वळवाचं पाणी तिथे धबधब्यासारखं पडून तुमच्या मान्यतेशिवायच तळ खोल करेल.

काढलेला मुरूम कुठे जातो तेही चिठ्ठीत येऊ द्या. काठावर ढीग मारला तर पावसात परत आत. बाहेर नेला तर गौण खनिज, तहसीलची परवानगी. बदलाने खोदाई ५,४०० घनमीटर वाढली म्हणजे मातीही तेवढीच वाढली, तिची जागा आधीच्या अंदाजपत्रकात नाही.

मांजऱ्या खडक

चिठ्ठीतली ‘जुनी पातळी’ कुठल्या बेंचमार्कवरून (पातळी मोजायच्या पक्क्या खुणेवरून)? काठावरच्या दगडावर रंगाने काढलेली खूण पहिल्या आठवड्यात पोकलेनच्या पट्ट्याखाली जाते. मग नवी खूण टाकतात, २०-२५ सेंटीमीटर इकडेतिकडे, आणि तुमची ३० सेंटीमीटरची मर्यादा तिथेच मेली. कामाच्या दोन्ही टोकांना, पात्राबाहेर, मोरीच्या कठड्यावर किंवा शाळेच्या जोत्यावर एकेक खूण करा. दोन्हींतला फरक चिठ्ठीच्या माथ्यावर लिहा आणि दर आठवड्याला तो जुळतो का बघा.

माणदेशी लेव्हल

दोन खुणांची ओळ घेतली. नमुना चिठ्ठी बनवून इथेच टाकतो. मुदतीच्या रकान्यात पाच दिवस लिहू की सात, तेवढं सांगा.