मदत हवी आहे : लेकीची विरलेली गोधडी कशी वाचवावी?

नमस्कार मंडळी,

माझी लेक लवकरच पाच वर्षांची होईल. तिच्या जन्माआधी माझ्या आजीने स्वतःची जुनी नऊवारी लुगडी जोडून बाळाला पांघरण्यापुरती लहान गोधडी शिवली होती. लेक तिला 'मऊ' म्हणते. झोपताना तिचा काठ चिमटीत धरून चोळत राहते, मग डोळा लागतो. ताप आला, गाडी लागली, आम्ही रागावलो, की मऊ हवीच.

आता मऊची अवस्था वाईट आहे. मधला भाग पार झिरझिरीत झालाय, आतला थर दिसतो. धावदोऱ्याच्या ओळी शाबूत आहेत, पण दोन ओळींमधलं कापडच फाटत चाललंय. एका बाजूचा गोट निघाला आणि तिथून दशा लोंबतात. या दशांचीच मला जास्त धास्ती आहे, कारण घरात आता धाकटाही आहे, अजून पालथा पडतोय. सुटा दोरा किंवा केस तान्ह्या बाळाच्या बोटाभोवती आवळून बसला तर तिथला रक्तपुरवठा बंद होऊ शकतो, आणि सुजेमुळे तो पटकन दिसतही नाही. त्यामुळे मऊ त्याच्या अंथरुणापासून लांबच ठेवते. लोंबते दोरे कापत असते, पण कापलं की पुढचं उसवतं.

घरात 'पटकुर झालंय, टाकून द्या, दोन दिवस रडेल' असा सल्ला मिळतो. तो मला मान्य नाही, कृपया इथेही तो देऊ नये. डोनाल्ड विनिकॉट या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ-मनोविश्लेषकाने १९५१ साली मुलांच्या अशा वस्तूंबद्दल मांडणी केली होती. ती वस्तू बदलायची तर मुलानेच, इतरांनी नाही, असं त्याचं म्हणणं. आणि पुढे मूल तिला विसरतही नाही, तिच्यासाठी झुरतही नाही, तिची गरज आपोआप ओसरते. मला हे पटतं. मऊ शाळेत नेत नाही, दिवसा खेळताना तिची आठवणही नसते. फक्त रात्री लागते. मग घाई कसली?

नवं मऊ ब्लँकेट आणून पाहिलं. तिने ते बाहुलीला पांघरलं. तिला लुगड्याचाच स्पर्श हवा, वर्षानुवर्षं धुऊन आलेला, तो दुकानात कुठून मिळणार?

तर प्रश्न दुरुस्तीचा आहे. ओळखीचे शिंपीकाका मशीनवर उभ्याआडव्या टिपा मारून देतो म्हणाले. पण इतक्या विरलेल्या कापडाला मशीनच्या बारीक, जवळजवळ टिपांनी आणखी भोकं पडून ते टिपेवरच फाटेल असं वाटतं. संग्रहालयांत जीर्ण वस्त्रांना खालून आधाराचं कापड देतात आणि वरून अगदी पातळ रेशीम किंवा जाळी घालून हाताने टाके घालतात. तसंच काहीसं करावं असा विचार आहे : मागून जुन्या सुती साडीचं पूर्ण अस्तर, मध्यभागी वरून मलमल, आणि ती चोळते तो काठ मात्र तसाच उघडा. मलमल नवी असेल तर आधी धुऊन आटवून घ्यावी लागेल, नाहीतर नंतर ती आटून जुनं कापड ओढेल, एवढं कळतं. पण दोरा कोणता घ्यावा? गोधडीचा नेहमीचा जाड दोरा हे विरलेलं कापड कापेल का? टाके किती अंतरावर?

धुण्याबद्दलही सांगा. सध्या मशीनला लावत नाही. टबात कोमट पाणी, रिठ्याचा फेस, न पिळता टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं आणि सावलीत आडवी पसरायची. दोरीवर टाकली तर ओल्या गोधडीच्या वजनानेच फाटते. वाळेपर्यंत लेक शेजारी बसून असते. धुतल्यावर 'हिचा वास गेला' म्हणून नाराज होते, म्हणून शक्य तितकं कमी धुते. रिठ्याऐवजी आणखी सौम्य काही आहे का?

आजीलाच विचारलं असतं, पण आता तिला सुईत दोरा ओवता येत नाही, हात थरथरतात.

भर : प्रतिसादांत दोघींनी मऊ अर्धी कापून एक तुकडा कपाटात राखून ठेवायला सुचवलंय. कल्पना चांगली आहे, म्हणून लेकीला विचारलं. ती 'मऊला दुखेल' म्हणाली, तेव्हा कापणं रद्द. ठिगळाला मात्र तयार आहे, रंग ती निवडणार आणि मी शिवताना ती समोर बसणार. मऊ रात्री तिच्याजवळ हवीच, त्यामुळे रोज दुपारी थोडं थोडं शिवता येईल अशी पद्धत सुचवा. आधी मधला भाग घ्यावा की गोट? आणि पुण्यात जुन्या गोधड्या हाताने दुरुस्त करून देणाऱ्या कुणी मावशी माहीत असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी लेकीला घेऊन त्यांच्याकडे जाईन.