मदत हवी आहे: आमच्या बंड्यासाठी (कासव) कायमचं घर, पुणे

गुलबक्षी:

नमस्कार मंडळी. धागा जरा लांबणार आहे, सांभाळून घ्या.

आमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली. पुढच्या महिनाअखेर घर रिकामं करून द्यायचंय. तीन वर्षांसाठी वन बीएचके भाड्याने मिळालाय. त्याला बाल्कनी नाही आणि घरमालकांनी करारातच 'पाळीव प्राणी चालणार नाहीत' असं घालून ठेवलंय.

लेक दुसरीत असताना, 2013 साली, हट्ट करून तिने हे कासव आणलं. पाच रुपयांच्या नाण्याहून जरासं मोठं, पोपटी रंगाचं, डोळ्यामागे कुंकवाची बोटं ओढल्यासारखा लाल पट्टा. दुकानदार म्हणाला, "एवढंच राहतं, वाढत नाही." आज पाठीची लांबी फूटपट्टीने 24 सेंमी भरते. परवा रद्दीवाल्याला विनंती करून पिशवीत घालून काट्याला लावलं, तर 2 किलो 100 ग्रॅम. रद्दीवाला म्हणाला, "काकू, ह्याचा भाव काय लावू?"

नाव बंड्या. आठ वर्षं आम्ही त्याला मुलगाच समजत होतो. मग एका सकाळी टपात चार पांढरी, लांबट अंडी. एक त्याने स्वतःच फोडून खाल्लेलं. तेव्हापासून बंड्या ही आहे, पण जीभ वळत नाही, त्यामुळे पुढे व्याकरण बिघडलं तर दुर्लक्ष करा.

लेक आता इंजिनिअरिंगला हॉस्टेलवर. तिला फोनवर सांगितलं तर नुसती गप्प बसली.

आतापर्यंत केलेले प्रयत्न: दुकानदार परत घेत नाही ("लहान असतं तर घेतलं असतं"). एका प्राणिसंग्रहालयात विचारलं, तिथे जागा नाही. एका संस्थेतल्या मुलीने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, आमच्याकडे आधीच अशी बरीच आली आहेत.

सासूबाईंचा उपाय सोपा आहे. गावच्या महादेवासमोर कुंड आहे, दारात दगडी कासव आहेच, तिथे एक जिवंत सोडलं तर पुण्यच लागेल. मामंजी म्हणतात, विहिरीत सोड, पूर्वी लोक मुद्दाम आडात कासव टाकायचे, पाणी स्वच्छ राहायचं. मला ते बरोबर वाटत नाही, पण नेमकं का ते घरात पटवून देता येत नाहीये. शिवाय कोणी चांगल्या माणसाने बंड्याला घ्यावं, हा मूळ प्रश्न आहेच.

---

सोलकढी:

एवढा विचार कशाला? खडकवासल्यात सोडून द्या. पाण्यातला प्राणी पाण्यात गेला.

---

रानवाटा:

सोलकढी, कृपया असं सुचवू नका. ताई, तुमचं वर्णन वाचून हे रेड इअर्ड स्लायडर आहे. मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. जगातल्या सर्वांत उपद्रवी 100 परक्या प्रजातींची जी यादी आययूसीएन ह्या निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने केली, तिच्यात ह्याचं नाव आहे. युरोपीय संघाने 1997 मध्येच ह्याची आयात बंद केली.

सासूबाईंना एवढंच सांगा, की कुंडात आपलीही कासवं असू शकतात. स्लायडर धटिंगण असतं. उन्हाला बसायची दगडाची जागा बळकावतं, मासे, बेडकांची पिल्लं, पाणवनस्पती, जे मिळेल ते खातं, आणि टपात वाढलेल्या कासवाचे रोग तळ्यात नेतं. गुवाहाटीच्या उग्रतारा देवळाच्या तळ्यात हे सापडलेलं आहे, आणि ते तळं तिथल्या दुर्मीळ कासवांसाठी ओळखलं जातं. ज्याने सोडलं असेल त्याने बहुधा हात जोडूनच सोडलं असेल.

मामंजींची विहीर तर बंड्यासाठीच वाईट. सरळ बांधीव कडा, बाहेर यायला जागा नाही, ऊन नाही. ह्या कासवाला रोज पाण्याबाहेर येऊन कोरडं व्हावं लागतं. नाहीतर पाठ मऊ पडते, बुरशी धरते.

---

पोष्टमन:

अवांतर विचारतो. आईकडे माहेरून आलेलं एक कासव आहे, पाठीवर पिवळ्या रेघांच्या चांदण्या. वास्तूला चांगलं म्हणून कोणीतरी दिलं होतं. तेही असंच कोणाला देता येईल का?

---

रानवाटा:

नाही! ते तारा कासव असणार. ते आपलं, भारतातलं आहे आणि वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत आहे. पाळणं, विकणं, फुकट देणंसुद्धा गुन्हा, तीन ते सात वर्षं कैदेची तरतूद. फोटो इथे टाकू नका. वनखात्याच्या 1926 क्रमांकावर स्वतःहून फोन करा आणि ताब्यात द्या. स्वतःच माळावर नेऊन सोडू नका. ते मूळ कुठलं हे आपल्याला ठाऊक नसतं.

बंड्याचं तसं नाही. तो परदेशी असल्यामुळे अनुसूची 1 चा हा नियम त्याला लागू नाही. पण म्हणूनच कोणाला घाईही नसते, आणि तो टपाटपांतून फिरत राहतो. केरळात थ्रिसूरजवळ पीची इथली वन संशोधन संस्था लोकांकडून स्लायडर जमा करून घेते. तशी सोय जवळ हवी होती.

---

माजघर:

गुलबक्षीताई, माझ्याकडे सासवडजवळ शेतघर आहे. सिमेंटची टाकी आहे, दहा फूट बाय सहा, पाणी अडीच फूट. त्यात दोन स्लायडर आहेत, दोन्ही अशीच लोकांनी आणून दिलेली, दोन्ही माद्या. तिसरी चालेल. पण आधी काही विचारते, रागावू नका.

बंड्या काय खातो? डोळे सुजलेले आहेत का? पाठ अंगठ्याने दाबली तर दबते का? शेवटची अंडी कधी?

---

गुलबक्षी:

माजघरताई, वाचून डोळ्यांत पाणी आलं. रागावते कशाला.

खाणं: दुकानातल्या गोळ्या, पालक, कधी सुकट. डोळे ठीक. पाठ कडक आहे, पण दोन-तीन ठिकाणी खपल्या उंच उंच झाल्यात. अंडी गेल्या मार्चमध्ये घातली होती. ह्या वर्षी नाही. गेले आठ-दहा दिवस मागच्या पायांनी टप खरवडत असतो, रात्रीसुद्धा. आम्हाला वाटलं, सामानाच्या हलवाहलवीने बिथरलाय.

---

माजघर:

बिथरला नाही हो, बहुतेक अंडी घालायला जागा शोधतोय. नर नसला तरी अंडी होतात. उकरायला माती मिळाली नाही तर अंडी पोटातच अडकतात आणि मादी दगावू शकते. घर शोधणं दोन दिवस राहू द्या. आधी सरपटणारे प्राणी बघणाऱ्या डॉक्टरांकडे नेऊन एक्स-रे काढा. नेताना पाण्यातून नेऊ नका, झाकणाला भोकं असलेल्या क्रेटमध्ये ओला टॉवेल अंथरून न्या. आजच एका मोठ्या घमेल्यात वीतभर ओलसर माती-वाळू भरून त्यात ठेवून बघा, आणि तिथून निघून जा. माणूस बघत असला की घालत नाहीत.

पालक कमी करा, तो कॅल्शियम अडवतो. त्याऐवजी जास्वंदीची पानं, लाल भोपळा, गाजर. काष्ठौषधींच्या दुकानात समुद्रफेन (म्हाकूळ माशाचं हाड) मिळतो, त्याचा तुकडा पाण्यात टाकून ठेवा, कुरतडेल. ऊन थेट हवं, खिडकीच्या काचेतून आलेलं धरू नका.

---

सोलकढी:

मी वर खडकवासला लिहिलं ते मागे घेतो. आमच्याकडे पाच वर्षांच्या नातवासाठी असं एक घ्यायचा विचार चालला होता. आता काय?

---

रानवाटा:

घेऊ नका. हे तीस वर्षं जगू शकतं. नातवाच्या लग्नालाही हजर असेल. शिवाय ह्यांच्या अंगावर साल्मोनेला जंतू (जुलाब, ताप आणणारे) असतात आणि लहान मुलं हात तोंडात घालतात. अमेरिकेत चार इंचांहून लहान कासवं विकायला 1975 पासून बंदी आहे ती ह्याच कारणाने.

---

गुलबक्षी:

अपडेट. एक्स-रेमध्ये सहा अंडी दिसली. डॉक्टरांनी कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं आणि माती चालू ठेवा म्हणाले. काल दुपारी घमेलं बेडरूममध्ये ठेवून दार लावून घेतलं. सासूबाई बाहेर स्टूल टाकून बसल्या, कोणाला आत जाऊ देईनात. संध्याकाळी बघितलं तर बंड्या मातीने माखलेला, आणि कोपऱ्यात माती थापटून सपाट केलेली. उकरून मोजली. पाच.

सहाव्यासाठी शनिवारी पुन्हा एक्स-रे. तो स्वच्छ आला तर रविवारी आम्ही सगळे सासवडला टाकी बघायला येऊ का? सासूबाईही म्हणतात, मला दाखवा कुठे ठेवणार ते. लेकही येतेय शनिवारी रात्रीच्या बसने.

---

माजघर:

या की. दुपारी जेवायलाच या. पण बंड्याला लगेच आणू नका, आधी नुसती टाकी बघा. आणल्यावरही महिनाभर वेगळ्या टपात ठेवणार आहे मी, माझ्या दोघींना काही लागायला नको. आणि आजींना सांगा, टाकीच्या कडेला तुळस आहे.