मदत हवी आहे: ब्लॅकबेरीने कुंपण गिळलं

सोनटक्का: पलीकडून ब्लॅकबेरी कुंपणावरून आत आली आहे. कापली की दुप्पट फुटते. चामड्याचे हातमोजेही फाटले. नवरा म्हणतो, सगळी उपटून टाक. मुलांना फळं हवीत. शनिवारी काम उरकायचंय, लवकर सांगा.

अप्पा_बागवाले: कुठे राहता? आता फुलं आहेत की फळं? ठेवायची आहे की काढायची? यातलं काहीच न सांगता उपाय विचारणं म्हणजे फोनवर नाडी दाखवणं.

वाईकर: शेणखत आणि भरपूर पालापाचोळा घाला. उन्हाळ्यात एक दिवसाआड पाणी. मस्त फोफावते.

सोनटक्का: वाईकर, फोफावलेलीच आहे हो! अप्पा, सिएटलजवळ राहते. फुलं आलीत. काटे लाल, मागे वळलेले.

अप्पा_बागवाले: पानं पाच-पाच, खालून पांढुरकी? दांडा जाड, कंगोरेदार?

सोनटक्का: हो, हो. पुढे?

अप्पा_बागवाले: मग ती हिमालयन ब्लॅकबेरी. वॉशिंग्टन राज्याच्या उपद्रवी तणांच्या यादीत आहे. तिथली मूळची जंगली ब्लॅकबेरी जमिनीलगत सरपटते, दांडा बारीक नि गोल, पानं तीन-तीन. ती दिसली तर राहू द्या.

चिंटूची_आई: हिमालयन म्हणजे आपल्याकडची?

अप्पा_बागवाले: नाव तेवढं आपलं. मूळची आर्मेनिया-इराणकडची. ल्यूथर बरबँक नावाच्या वनस्पती-संकरकाराने १८८५ च्या सुमारास अमेरिकेत आणली. बी भारतातून मागवलेलं, म्हणून ते नाव.

रोखठोक: इतिहास पुरे. ग्लायफोसेट हे तणनाशक मारा, विषय संपला.

चिंटूची_आई: मुलं तोडून खातात तिथे? काहीही! बकऱ्या भाड्याने मिळतात तिकडे, त्या आणा.

रोखठोक: बकऱ्या पाला खातात, जमिनीतला गड्डा तसाच राहतो. वर यांचे गुलाबही फस्त करतील. आणि मी आज मारा म्हटलेलंच नाही. फळं संपल्यावर, सप्टेंबरात मारायचं. तेव्हा औषध पानांतून मुळापर्यंत उतरतं.

अप्पा_बागवाले: औषध लागणारच नाही. फुलोऱ्यात मुळातला साठा कमी झालेला असतो, कापायला हीच वेळ. फूटभर दांडा ठेवून कापा, त्याला धरून गड्डा खणून काढा. नुसतं वरून छाटता म्हणून तिथूनच पुन्हा फुटते. वाकलेल्या फांदीचा शेंडा मातीला टेकला तर तिथेही मूळ धरतो, ते शोधा. एका शनिवारात होणार नाही, उन्हाळाभर नवे कोंब काढत राहावं लागेल.

सोनटक्का: आणि मुलांची फळं?

अप्पा_बागवाले: दांडा पहिल्या वर्षी नुसता वाढतो, दुसऱ्या वर्षी फळतो आणि वाळतो. फुलं आलेले चार दांडे तारेला बांधून ठेवा, फळं उतरली की तेही काढा.

रोखठोक: तण कशाला पाळायचं? पक्षी बिया घेऊन गावभर जातील. नर्सरीतून ब्लॅकबेरीची बिनकाट्याची 'ट्रिपल क्राउन' जात आणा.

अप्पा_बागवाले: इथे रोखठोकशी सहमत. शेजाऱ्यांशी बोललात का?

सोनटक्का: घर रिकामं आहे, विकायला काढलंय. त्यांच्या अंगणात माझ्या डोक्याच्या वर गेली आहे.

रोखठोक: हे आत्ता सांगताय!

वाईकर: जॅम करणार असाल तर साखर किती घालता?

सोनटक्का: जॅम नंतर हो. कापलेल्या फांद्या कोपऱ्यात रचून ठेवल्या तर चालेल?

अप्पा_बागवाले: ओल्या मातीवर अजिबात नको, रुजतात. थेट बागेच्या कचऱ्याच्या डब्यात टाका. आणि घराच्या पाटीवर एजंटचा नंबर असेल, आजच फोन करा.