ताईची फाईल सोळा वर्षांनी पुन्हा काढली, भाची अमेरिकेत. जबाब देताना काय सांभाळायचं?

वाइंडिंगवाला

नमस्कार. मी इथे लिहीत नाही, नुसता वाचतो. आज लिहायची वेळ आली. लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय सल्ला तरी कसा मागू.

माझी थोरली बहीण नोव्हेंबर २००९ मध्ये सासरच्या विहिरीत गेली. लग्न २००१ चं. दाजी अमेरिकेत नोकरीला, तेव्हा रजेवर घरी आले होते. पोलिसांनी अकस्मात मृत्यूची नोंद केली. कागदावर कारण आहे, ‘पाणी शेंदत असताना तोल जाऊन विहिरीत पडून मयत’. पुढे कागद बंद झाले आणि दाजी सहा वर्षांच्या भाचीला घेऊन परत गेले.

मागच्या सोमवारी दुकानात असताना ठाण्यातून फोन आला. ‘बहिणीची फाईल साहेबांनी परत काढायला सांगितलीय, तुमचा आणि आईंचा जबाब घ्यायचाय.’ नंतर कळलं की भाचीनेच एसपी ऑफिसला ईमेल केलाय. ती आता बावीसची आहे, कॉलेजच्या गावी वेगळी राहते. मला तिचा एवढाच मेसेज आला: ‘मामा, त्या रात्रीचं मला जे आठवतं ते मी लिहून पाठवलंय. तू रागावू नकोस.’ तिला काय आठवतं ते मी अजून विचारलेलं नाही.

मी मोटर वाइंडिंगचं काम करतो. त्या विहिरीवरची मोटर मार्च २००७ मध्ये मीच बसवली, ३ एचपीची. मोटर आत सोडताना वरची कप्पी आडवी येत होती म्हणून काढली. ताई म्हणाली, ‘तूच घेऊन जा, इथं गंजून जाईल.’ ती आजही माझ्या दुकानात मागच्या भिंतीला टांगलेली आहे. दोराने झिजून तिची खाच एका बाजूला खोल झालीय, बोट फिरवलं की कळतं. सासरचे तेव्हा म्हणाले होते, रात्री लोडशेडिंग होतं, मोटर बंद, म्हणून ती शेंदायला गेली. लोडशेडिंग तेव्हा रोजचंच होतं, ते मी नाकारत नाही. पण पंचनाम्याची झेरॉक्स बाबांच्या ट्रंकेत होती, ती या आठवड्यात कितीदा वाचली असेल. साडीचा रंग लिहिलाय. हातातल्या बांगड्या मोजल्यात. कठड्याची उंची फूट-इंचात दिलीय. दोर नाही. पोहरा नाही.

आता खरं बोचतंय ते सांगतो. त्याच कागदांत बाबांचा जबाब आहे. शेवटची ओळ, ‘माझा कोणावरही संशय नाही व कोणाविरुद्ध तक्रार नाही’, आणि खाली त्यांची सही. त्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात सासरच्यांपैकी एकाने बाबांना सांगितलं होतं, तक्रार केलीत तर पोरगी पुन्हा दिसायची नाही. मी शेजारी उभा होतो. बत्तीस वर्षांचा होतो, आणि गप्प बसलो. बाबा २०१८ साली गेले. तोवर नात त्यांना दोनदाच भेटली.

त्या सहीमुळे आता सगळंच संपतं का? आईला शहात्तरावं लागलंय, तिला ठाण्यात न्यावं लागेल का? भाचीला जबाबासाठी इथे यावं लागेल का? दाजींनी तिकडचं नागरिकत्व घेतलंय. पंचनाम्याचा फोटो भाचीला पाठवावा असं मनात आहे, म्हणजे तिला नीट आठवायला मदत होईल. आणि मी जबाबात माझं गप्प बसणं सांगायचं की नाही?

निवृत्त_फौजदार

भाऊ, आधी सहीचं. अकस्मात मृत्यूच्या चौकशीत ‘संशय नाही’ ही ओळ आम्ही सर्रास घ्यायचो. कित्येकदा ती आमचा लेखनिकच लिहायचा आणि दुःखात बुडालेला बाप सही करायचा. त्या ओळीने केस मरत नाही. ती का लिहिली गेली, ते व्हरांड्यातल्या शब्दांसकट सांगा. कोण बोललं, कुठे उभं होतं, आणखी कोणी ऐकलं का. आणि तुमचं गप्प बसणं तुम्हीच आधी सांगा. कोर्टात समोरच्या वकिलाने ते बाहेर काढलं तर फार वेगळं दिसतं.

दोर-पोहऱ्याचं तुम्ही बरोबर पकडलंत. पण दोन्ही बाजूंनी बघा. कप्पी नसताना कठड्यावर वाकून हाताने दोर ओढायचा तर तोल जाणं उलट सोपं. म्हणून कप्पीने एकट्याने काही सिद्ध होत नाही. प्रश्न असा की ज्याने शेंदलं ती वस्तू गेली कुठे? ताईंना वर कसं काढलं, गळ टाकून की माणूस उतरून? गळ टाकला असेल तर तो कोणी टाकला? पोहरा पडला की गावात आपण गळच टाकतो. म्हणजे तो माणूस सांगू शकेल, खाली दोर लागला का, निदान शोधला का. त्या माणसाचं नाव पोलिसांना द्या. पंच हयात आहेत का तेही सांगा.

विहीर अजून आहे का? असेल आणि बुजवली नसेल तर उपसून गाळ बघता येतो. लोखंडी पोहरा सोळा वर्षांत गंजेल, नाहीसा होणार नाही. पण मनाची तयारी ठेवा. पोहरा गाळात सापडला तर ते दाजींच्या बाजूने जाईल, आणि तेही तितकंच लिहिलं पाहिजे.

देहाला अग्नी दिलाय, तेव्हा पुन्हा शवविच्छेदन नाही. कागदच बोलणार. पीएम नोट्स, म्हणजे तेव्हाच्या शवविच्छेदनाच्या नोंदी, मिळवा आणि कॉलम १७ आणि १९ बघा. सतरात शरीरावरच्या बाहेरच्या जखमा असतात, एकोणिसात डोक्याच्या आतल्या. जखमा जिवंतपणीच्या की नंतरच्या, हे डॉक्टरने लिहिलंय का? व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले आतल्या अवयवांचे नमुने) राखून ठेवला होता का, असल्यास त्याच्या रासायनिक तपासणीचा सीए रिपोर्ट आला होता का? पुष्कळदा तो रिपोर्ट फाईल बंद झाल्यावर येतो आणि तसाच लावून ठेवला जातो. जुन्या पीएम नोट्सवर पोलीस तज्ज्ञ डॉक्टरांचं मत आजही मागवू शकतात.

कप्पी पुसू नका, तेल लावू नका, भिंतीवरून काढूसुद्धा नका. तुमच्या जबाबात तिचा उल्लेख येऊ दे, मग ते पंचांसमोर ताब्यात घेतील. २००७ चं बिलबुक किंवा वही असेल तर तीही तशीच राहू द्या.

कोर्टाची_पायरी

मी फौजदारी वकिली करते. फोटोचं आधी, कारण ते आजच थांबवायला हवं. पंचनामा भाचीला पाठवू नका. तिला काय आठवतं तेही विचारू नका, आणि तुम्हाला काय वाटतं ते सांगू नका. सहा वर्षांच्या मुलीची आठवण आणि मध्ये सोळा वर्षं. कोर्ट तिच्याकडे बारकाईने बघणार आणि बचावाचा पहिला प्रश्न असणार, ‘हे तुम्हाला मामाने सांगितलं ना?’ आज ती जे सांगेल ते तिचं स्वतःचं आहे. पोहऱ्याचा विषय तिने तुमच्या तोंडून ऐकला की ते तसं राहत नाही. कायद्याने लहान मूल साक्षीदार होऊ शकतं, पण त्या आठवणीला दुसरा आधार लागतो. तो आधार तुमची वही, पीएम नोट्स, गळवाला यांतून वेगळा यायला हवा.

‘फाईल पुन्हा उघडली’ म्हणजे नेमकं काय, ते ठाण्यात विचारा. अकस्मात मृत्यूची नोंद हा एफआयआर नसतो. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, हे सुप्रीम कोर्टाने ललिता कुमारी निकालात २०१३ साली सांगितलं. पण फार उशिरा आलेल्या तक्रारीत आधी प्राथमिक चौकशीची मुभाही त्याच निकालात आहे. बहुधा तुम्ही आत्ता त्या टप्प्यावर आहात. म्हणून गुन्हा रजिस्टर नंबर पडलाय का, एवढं विचारा. गुन्हा नोंदला तर घटना २००९ ची असल्याने कलमं जुन्या भारतीय दंड संहितेची लागतील, तपासाची पद्धत मात्र १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे.

खुनाला कालमर्यादा नाही. सासरच्या छळाच्या ४९८अ चं तसं नाही, तिथे तीन वर्षांची मुदत आड येते. लग्नाला सात वर्षं उलटून गेली होती, त्यामुळे हुंडाबळीचं ३०४ब सुद्धा लागत नाही. हे आधीच सांगते, म्हणजे कोणी भलती आशा दाखवली तर तुम्ही फसणार नाही.

आईंना ठाण्यात जायची गरज नाही. महिला साक्षीदाराला राहत्या घराबाहेर जबाबासाठी बोलावता येत नाही, नव्या संहितेचं कलम १७९ बघा. पोलिसांनी घरी यायचं. आणि तपासातल्या जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायची नसते. वाचून दाखवायला सांगा, चुकलं असेल तर तिथेच दुरुस्त करायला लावा.

भाचीचा जबाब पोलीस ऑडिओ-व्हिडिओने नोंदवू शकतात. पुढे साक्षही दूरून होते. अमेरिकेतल्या डॉक्टरची साक्ष व्हिडिओ कॉन्फरन्सने घ्यायला सुप्रीम कोर्टाने २००३ मध्येच परवानगी दिली होती, आपल्याच महाराष्ट्रातल्या डॉ. प्रफुल्ल देसाई प्रकरणात. ती भारतात येईल तेव्हा मॅजिस्ट्रेटपुढे जबाब झाला तर जास्त बरं, पण त्यासाठी तिला धावत आणू नका.

दाजींचं नागरिकत्व आड येत नाही. गुन्हा इथे घडला असेल तर खटला इथेच चालतो. अमेरिकेशी आपला प्रत्यार्पण करार १९९७ चा आहे. पण ती वाट वर्षांची. २६/११ च्या मुंबई हल्ल्यातल्या आरोपी तहव्वुर राणाला अमेरिकेतून २०२५ च्या एप्रिलमध्ये आणलं, तेव्हा हल्ल्याला सोळा वर्षं होऊन गेली होती, आणि त्या मागे अख्खं केंद्र सरकार उभं होतं.

केरळातल्या सिस्टर अभयांचं प्रकरण तुम्हाला ठाऊक असेल. १९९२ मध्ये कॉन्व्हेंटच्या विहिरीत देह सापडला, आधी आत्महत्या ठरवली गेली, शिक्षा झाली ती डिसेंबर २०२० मध्ये. आणि २०२२ मध्ये अपील चालू असताना हायकोर्टाने ती शिक्षा स्थगित केली. दोन्ही गोष्टी सांगते, कारण तुम्हाला दोन्ही लागतील.

वाइंडिंगवाला

फोटो पाठवला नव्हता, थोडक्यात वाचलो. विहीर आहे, वापरात नाही. उपसायला माझ्याकडे ५ एचपीचा पंप आहे, तो देऊ का?

निवृत्त_फौजदार

नको भाऊ. तुम्ही फिर्यादीच्या बाजूचे. तुमचा पंप, तुमची माणसं असली तर उद्या म्हणतील गाळात यांनीच टाकलं किंवा यांनीच काढलं. पोलिसांना त्यांची सोय करू द्या. तुम्ही काठावरही जाऊ नका.

दूरदेशी

मी कॅनडात असते. माझा भाऊ भारतात वारला, त्याच्या मृत्यूची चौकशी दोन वर्षं बंद राहून पुन्हा सुरू झाली होती. मी इथून प्रतिज्ञापत्र दिलं, कॉन्सुलेटमध्ये जाऊन सही साक्षांकित करून घेतली. तपासी अंमलदार तीनदा बदलले आणि दर वेळी मला पहिल्यापासून सांगावं लागलं. म्हणून पाठवलेल्या प्रत्येक कागदाची प्रत आणि पाठवल्याची तारीख एका वहीत ठेवा.

मला भाचीबद्दल लिहायचंय. तुम्ही सगळे केसबद्दल बोलताय. ती मुलगी वडिलांविरुद्ध बोलतेय की नुसतं आठवतं ते सांगतेय, हे तुम्हाला कोणालाच माहीत नाही, पण आई गेल्यावर तिला त्यांनीच वाढवलंय. तिची फी कोण भरतं? फोन वडिलांच्या प्लॅनवर आहे का? असेल तर कोणत्या नंबरवर किती वेळ बोलली हे बिलात दिसू शकतं. तिला स्वतःचा वेगळा ईमेल आणि नंबर लागेल. कॉलेजात समुपदेशक असतात, त्यांच्याकडे तिने जावं. हे सगळं तिच्याशी बोलायला हरकत नाही, यात त्या रात्रीचा विषय येत नाही.

ताईंनी तुम्हाला किंवा मैत्रिणीला कधी ईमेल, पत्रं पाठवली होती का? असतील तर फॉरवर्ड करू नका, मूळ खात्यात तशीच राहू द्या. मी भावाचे मेसेज नव्या फोनवर घेतले आणि जुना फोन विकून टाकला. ते अजून सलतं.

वाइंडिंगवाला

सगळ्यांचे आभार. काय झालं ते कळवतो.

परवा महिला पीएसआय आणि एक हवालदार घरी आले. आईचा जबाब दोन तास चालला. आईने मध्येच उठून बाबांचा चष्मा आणून समोर ठेवला आणि म्हणाली, ‘ह्यांच्या सहीचं मी सांगते. सही केली तेव्हा चष्मा माझ्या पिशवीत होता.’ मला हे माहीत नव्हतं. सोळा वर्षांत तिने कधी सांगितलं नाही. मॅडमनी तिला थांबवलं नाही, तिच्या शब्दांत लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं. माझ्या जबाबात व्हरांडा आला, माणसाचं नाव आलं, माझं गप्प राहणंही आलं.

काल दोन पंच घेऊन दुकानात आले. कप्पी भिंतीवरच असताना फोटो काढले, खाचेची रुंदी मोजली, कापडात बांधून लाखेचं सील केलं. वहीचं मार्च २००७ चं पान दाखवलं, तर पूर्ण वहीच घेतली. गुन्हा अजून नोंदलेला नाही, चौकशीच चालू आहे असं मॅडम स्पष्ट म्हणाल्या. पीएम नोट्स मिळाल्यात, डॉक्टरांच्या मतासाठी पाठवणार आहेत. कॉलम १७ मध्ये काहीतरी आहे, काय ते मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

गळ टाकणारा माणूस हयात आहे. त्याचं नाव दिलंय.

भाचीचा व्हिडिओवरचा जबाब गुरुवारी आहे, तिकडे सकाळ असेल तेव्हा. तिने नवा नंबर घेतलाय. रोज फोन करते, परीक्षेचं बोलते, आजीशी बोलते. आई तिला विचारते, जेवलीस का, आणि मग दोघी बराच वेळ काहीच बोलत नाहीत, फोन मात्र ठेवत नाहीत.

विहीर सोमवारी उपसणार आहेत. पंप बाहेरून आणणार. मी दुकानातच थांबेन.