सूपवरच्या तळलेल्या वॉन्टन पट्ट्या तुम्ही मोजता का?

चमचाभर: सूपवर, सॅलडवर भुरभुरवतात त्या कुरकुरीत वॉन्टन (मैद्याची पातळ चिनी पारी) पट्ट्या आणि तळलेल्या नूडल्स. 'वरून टाकायचं' म्हणून कुणी हिशेबातच धरत नाही. 100 ग्रॅममध्ये साधारण 500 कॅलरी, तेल तीसेक ग्रॅम, उरला मैदा. बटाट्याच्या वेफर्सला नाक मुरडणारे या मात्र बिनधास्त खातात. फरक एकोणीस-वीसचा!

कुरकुरी: 100 ग्रॅम कोण खातं हो? दहा ग्रॅम पडतात, म्हणजे 50 कॅलरी. त्यांच्या जिवावर माझा मुलगा ताटलीभर कोबी-गाजर संपवतो. एवढ्याशासाठी धागा?

चमचाभर: दहा? काट्यावर ठेवून बघा. आणि सूप येईपर्यंत नुसत्याच तोंडात टाकलेल्या त्यात धरा.

झाऱ्या: दोष पट्टीचा कमी, तळणाऱ्याचा जास्त. तेलात पडल्यावर आतलं पाणी वाफ होऊन निघून जातं (बुडबुडे येतात ते तेच) आणि पट्टी सच्छिद्र होते. बरंचसं तेल आत शिरतं ते बाहेर काढल्यावर, गार होताना. म्हणून गरम असतानाच झटकून निथळायच्या. तेल कमी तापलेलं असेल तर वेळ लागतो आणि पट्ट्या तेल पितात. अर्थात इतक्या पातळ वस्तूला वजनाच्या मानाने पृष्ठभाग फार, त्यामुळे तेलकट त्या राहणारच.

भाजकी: मग ओव्हनमध्ये भाजा ना.

झाऱ्या: भाजलेल्या कुरकुरत नाहीत, नुसत्या मोडतात. तेल कमी होतं हे मान्य, पण मैदा तोच. आणि भाजा की तळा, करपवू नका. स्टार्चच्या पदार्थांत 120 अंशांच्या वर कर्करोगकारक असल्याचा संशय असलेलं रसायन, अॅक्रिलामाइड तयार होतं. 2002 साली स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवलं होतं. रंग जितका गडद, तितकं ते साधारणपणे जास्त.

खारटपणा: तुम्ही सगळे चुकीच्या वाटीकडे बघताय. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यातच दोन ग्रॅमच्या वर जातं! आणि ते पांढरे, फुगलेले प्रॉन क्रॅकर प्रथिनांसाठी खाणाऱ्यांना साष्टांग नमस्कार. ते मुख्यतः टॅपिओकाचं (साबुदाणा ज्याचा करतात त्या कंदाचं) पीठ.

चमचाभर: सॉसचा मुद्दा मान्य. म्हणून पट्ट्या निर्दोष सुटत नाहीत.

कुरकुरी: केलं वजन. 22 ग्रॅम. कोबी चालूच आहे, पण वाटी आता टेबलावर नसते. मीच वाढते.