नोकरी, घर आणि ऑनलाइन डिग्री: तब्येत सांभाळून हे कसं जमवता?

सांजवेळ

नमस्कार मंडळी, एरवी नुसती वाचत असते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

मी पूर्णवेळ नोकरी करते, चाळिशी ओलांडलीये, घरात शाळेत जाणारी मुलं आहेत. एका विद्यापीठाच्या ऑनलाइन पदवीला ॲडमिशन घेतलीये, विषय माझ्या आवडीचा आहे आणि शिकवतातही मनापासून, त्याबद्दल काहीच म्हणणं नाही. गाडी अडते ती घरी. सगळं आवरून मुलं झोपली की साडेदहाच्या सुमारास जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडायचा, रेकॉर्डेड लेक्चर लावायचं, अर्ध्यात डोळे मिटायला लागतात, मग मागे नेऊन परत तेच बघायचं, यात साडेबारा कधी होतात कळत नाही, आणि अंथरुणावर पडलं तरी डोकं चालूच राहतं. सकाळी सहाला उठणं काही चुकत नाही. उजव्या बाजूने मान धरलीये, डोळे चुरचुरतात, शनिवार-रविवार असाइनमेंटमध्ये जातात त्यामुळे मुलं रुसलेली. आणि एवढं करून क्विझ उघडली की वाटतं हे मी ऐकलंच नव्हतं कधी!

सोडायचं अजिबात नाहीये, खूप वर्षं मनात होतं हे शिक्षण. पण असंच चाललं तर तब्येत साथ देईल असं वाटत नाही. तुमच्यापैकी कोणी नोकरी सांभाळून घरूनच डिग्री पूर्ण केलीये का? वेळ कुठून काढला? झोपेचं, मानेचं, डोळ्यांचं काय केलंत? जे खरंच उपयोगी पडलं ते सांगा प्लीज.

---

हिशोबी

ताई, आधी एक विचारतो, या सेमिस्टरला विषय किती घेतलेत? कारण माझ्या मते इथेच सगळी गोम आहे आणि ॲडमिशन घेताना याबद्दल कोणी नीट सांगत नाही.

लेक्चरचे तास म्हणजे अभ्यासाचे तास नव्हेत. क्रेडिट बघा. युरोपात जी ईसीटीएस पद्धत आहे तिच्यात एका क्रेडिटला २५ ते ३० तासांचं काम धरतात, म्हणजे लेक्चर, वाचन, असाइनमेंट, परीक्षेची तयारी सगळं मिळून. आता ५ क्रेडिटचा एक विषय धरला तर १२५ ते १५० तास झाले, १५ आठवड्यांत बसवायचे तर आठवड्याला ८ ते १० तास. दोन विषय घेतले की १६ ते २०. तीन घेतले की २५ ते ३० तास, आणि हे नोकरी करून वर! दुसरीकडे क्रेडिटचा हिशोब वेगळा असेल, पण तुमच्या विद्यापीठाच्या माहितीपत्रकात तासांचा आकडा कुठेतरी दिलेला असतोच, तो शोधा आणि स्वतःचा आठवडा त्याच्या शेजारी ठेवून बघा.

माझा अनुभव सांगायचा तर नोकरी आणि घर असलेल्या माणसाला एका वेळी एक, फार तर दोन विषय झेपतात. डिग्रीला वर्ष-दोन वर्षं जास्त लागतील, लागू देत. बहुतेक ठिकाणी पदवी पूर्ण करायची कमाल मुदत भरपूर असते, विषय कमी घेता येतात, एखादं सेमिस्टर थांबताही येतं. फक्त विषय काढून घ्यायची शेवटची तारीख आणि फीचे नियम आजच बघून ठेवा, ती तारीख उलटली की तोच विषय नापास म्हणून मार्कशीटवर येऊ शकतो.

---

सांजवेळ

@हिशोबी, तीन घेतलेत. लवकर संपेल म्हणून घेतले होते. हा तासांचा हिशोब असा मांडून कोणी दाखवलाच नव्हता, मी लेक्चरचे तास मोजत होते. आज रात्री तारीख बघतेच.

---

पाठकणा

मी फिजिओथेरपिस्ट आहे, घरून शिकणारे आणि घरून काम करणारे बरेच जण माझ्याकडे येतात त्यामुळे मानेचं मी सांगते.

जेवणाचं टेबल आणि लॅपटॉप, इथेच दुखण्याचं मूळ आहे बघा. लॅपटॉपचा स्क्रीन आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले, त्यामुळे हात नीट ठेवले तर मान खाली जाते आणि मान सरळ ठेवली तर खांदे वर चढतात, दोन्ही एकदम जमतच नाही. त्यात जेवणाचं टेबल टायपिंगसाठी बहुधा उंच पडतं म्हणून खांदे कानाकडे ओढले जातात आणि तास-दोन तास तसेच राहतात. ज्या हाताने माऊस धरता त्या बाजूची मान आधी बोलायला लागते, तुमची उजवी धरलीये म्हणजे माऊस उजव्या हाताला आणि जरा लांबच असणार, बरोबर ना?

उपाय साधा आहे. लॅपटॉपखाली जाडजूड पुस्तकं रचा, स्क्रीनची वरची कडा डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली येईल इतकी, अंतर हातभर. वेगळा कीबोर्ड आणि माऊस लावा, एवढा खर्च मात्र कराच. कोपर साधारण काटकोनात, माऊस कीबोर्डला चिकटून. खुर्चीवर बूड पूर्ण मागे टेकवून बसा आणि उशी घेऊन उंची वाढवलीत तर पाय लोंबकळायला नकोत, पायाखाली काहीतरी घ्या. चष्मा प्रोग्रेसिव्ह असेल तर स्क्रीन अजून थोडा खाली घ्या, नाहीतर खालच्या भागातून बघण्यासाठी तुम्ही हनुवटी वर करणार आणि मान परत धरणार.

पण कितीही चांगली खुर्ची असली तरी एकाच स्थितीत तास काढला की शरीर कुरकुरणारच. दर अर्ध्या तासाने उठा, दोन मिनिटं का होईना. ज्या लेक्चरमध्ये स्लाइडवर फारसं काही नसतं ते कानाला लावून घरातल्या घरात फेऱ्या मारत ऐका, हे मी सगळ्यांनाच सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात मोठ्यांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि निदान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारे व्यायाम सांगितलेत. आधी सलग निदान १० मिनिटं हवीत अशी अट होती, ती काढून टाकलीये. म्हणजे पाच-पाच मिनिटांचं भरभर चालणंसुद्धा जमेस धरतात. अभ्यास करणाऱ्याला याहून सोयीचं काय असणार?

डोळ्यांचं म्हणाल तर स्क्रीनकडे बघताना आपण पापण्या नेहमीपेक्षा खूप कमी मिटतो म्हणून चुरचुर होते. दर २० मिनिटांनी २० फुटांपलीकडे २० सेकंद बघायचं आणि मुद्दाम पूर्ण पापण्या मिटायच्या. पंख्याचा किंवा एसीचा झोत तोंडावर नको. चाळिशीनंतर नंबर बदललेला असू शकतो, तपासून घ्या.

आणि हो, हाताला मुंग्या येत असतील, बोटं बधिर होत असतील किंवा पकड सैल वाटत असेल तर नेटवरचे व्यायाम करत बसू नका, डॉक्टरला दाखवा.

---

पहाटपक्षी

वर दोघांनीही छान सांगितलंय, पण क्विझचं राहून गेलं म्हणून लिहितोय.

ताई, लेक्चर परत परत बघणं बंद करा. दुसऱ्यांदा बघताना सगळं ओळखीचं वाटतं आणि ओळखीचं वाटलं की आपल्याला येतंय असा समज होतो. रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांचा २००६ सालचा गाजलेला प्रयोग आहे, विद्यार्थ्यांना एक उतारा दिला, काहींनी तो परत वाचला आणि काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा परत वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे चांगलेच पुढे निघाले. तुमची क्विझ आठवड्याने येते!

मी करायचो ते सांगतो. लेक्चरचा दहा-बारा मिनिटांचा तुकडा बघायचा, पॉज करायचा, स्क्रीन खाली. कोऱ्या कागदावर जे आठवेल ते लिहायचं, जिथे अडेल तिथे रिकामी जागा सोडून पुढे जायचं, अंदाज असेल तर तोही लिहायचा. मग व्हिडिओ उघडून फक्त त्या रिकाम्या जागा लाल पेनाने भरायच्या. दोन दिवसांनी नवा कागद घेऊन आधी तोच भाग आठवायचा आणि मग जुना कागद काढून ताडून बघायचं. पहिल्या कागदावर लाल खूप असतं आणि जाम वैताग येतो, पण ते लाल दिसतंय तेवढंच आपल्याला येत नाहीये हे कळणं फार मोलाचं आहे, कारण पुढचा वेळ तिथेच घालवायचा. माझं वाचन निम्म्यावर आलं आणि क्विझची धास्ती गेली.

हे पेंगत पेंगत होत नाही हे मात्र खरं. म्हणून मी म्हणेन की रात्रीचं बंदच करा आणि लवकर झोपून पहाटे पाचला बसा. घर शांत, डोकं ताजं.

---

निशाचर

@पहाटपक्षी, आठवून लिहायच्या पद्धतीला +१, पण पहाटेच्या सल्ल्याशी मी सहमत नाही. ताई सहाला उठतायत, झोपतायत साडेबारानंतर, म्हणजे आताच साडेपाच तास पण होत नाहीत. त्यात पाचला उठायला सांगितलं आणि रात्रीची कामं तेवढीच राहिली तर झोप अजून तुटेल. मोठ्या माणसाने रोज निदान ७ तास झोपावं असं झोपेवर काम करणाऱ्या तज्ज्ञांच्या अमेरिकेतल्या दोन संघटनांनी २०१५ मध्ये एकत्र येऊन सांगितलंय. आणि दिवसभर शिकलेलं मेंदू झोपेतच पक्कं करतो, मग झोप कापून अभ्यास करायचा म्हणजे एका हाताने लिहून दुसऱ्याने पुसायचं.

मी शिफ्टमध्ये काम करत डिग्री केली त्यामुळे पहाट-रात्र याला माझ्या लेखी काही अर्थ नाही, माझी पहाट दर आठवड्याला बदलायची. मी आधी झोपेचे तास कॅलेंडरवर टाकायचो, मग नोकरी, मग घर, आणि जे उरेल त्यात अभ्यास. उरलं कमी तर विषय कमी, इथे हिशोबींचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे.

ताई, तुमच्या बाबतीत मला वाटतं रात्री दहाच्या पुढे नवीन लेक्चर नकोच. अगदी काही करायचंच असेल तर हलकं काम, म्हणजे संदर्भ नीट लावणं, फाइल्सना नावं देणं वगैरे. मेहनतीचा अभ्यास आठवड्यात तीन-चार वेळा पाऊण तास पण ताज्या डोक्याने, तो लंच ब्रेकला असेल, ऑफिस सुटल्यावर घरी यायच्या आधी असेल, जिथे जमेल तिथे. झोपायच्या अर्धा-पाऊण तास आधी लॅपटॉप बंद, आणि उद्या कुठून सुरू करायचं ते एका ओळीत कागदावर लिहून ठेवायचं. अंथरुणावर डोकं चालू राहतं ना, ते बरंचसं ही ओळ न लिहिल्यामुळे. दुपारनंतर कॅफीन नको, त्याचा अंमल अर्ध्यावर यायलाच साधारण ५ तास जातात.

हे सगळं करूनही आठवड्यातून तीन-चार रात्री झोप लागत नसेल आणि असं तीन महिने चाललं असेल तर डॉक्टरांना भेटा, निद्रानाशावर गोळ्यांशिवायचे चांगले उपचार आहेत.

---

पहाटपक्षी

@निशाचर, मान्य. माझं घर लवकर झोपायचं त्यामुळे मला पहाट जमली. सात तास आधी, मग वेळ कुठलीही.

---

मोठीआई

सांजवेळ, तुझ्याहून बरीच मोठी आहे म्हणून अगं-तुगं करतेय. मी मुलं मार्गी लागल्यावर दूरशिक्षणातून पदवी घेतली. घर सांभाळून शिकणं ही काही आजची गोष्ट नाही, लंडन विद्यापीठाने १८५८ सालीच बाहेरून शिकणाऱ्यांना परीक्षा खुल्या केल्या होत्या आणि ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीत १९७१ मध्ये पहिले विद्यार्थी शिकायला लागले ते बरेचसे नोकरी करणारेच होते. तेव्हा तू एकटी नाहीयेस एवढं मनात ठेव, कारण घरी बसून शिकताना सगळ्यात जास्त खातो तो एकटेपणा. वर्गात शेजारी बसलेल्या मुलीलाही समजलेलं नाही हे तिच्या तोंडावर दिसतं, स्क्रीनवर ते दिसत नाही आणि वाटतं सगळ्यांना येतंय, आपणच मागे. तुझ्या बॅचमधल्या दोघी-तिघींना मेसेज कर, आठवड्यातून एकदा फोनवर अर्धा तास बोला, एकमेकींना प्रश्न विचारा. पहाटपक्षी म्हणतात तेच, फक्त सोबतीने.

दुसरं, घरातल्यांना स्पष्ट सांग. "मला अभ्यास आहे" म्हटलं तर कोणाला काही कळत नाही. "मंगळवारी आणि गुरुवारी सात ते आठ मी दार लावून बसणार, तेवढा वेळ घराकडे तुम्ही बघा" असं म्हटलं की कळतं. आणि आठ वाजले की तूही दार उघडून बाहेर ये, मुलांना दिलेला शब्द पाळ, म्हणजे पुढच्या वेळी ती दारावर थापा मारत नाहीत. सुट्टीचा एक अख्खा दिवस लॅपटॉप उघडायचाच नाही असं ठरव बाई. मुलांसाठी तर खरंच, पण तुझ्यासाठी जास्त.

मन सलग दोन आठवडे उदास राहिलं, आवडीच्या गोष्टीतही जीव रमेना असं झालं तर मात्र अभ्यासाचा ताण म्हणून सोडून देऊ नकोस, कोणाला तरी दाखव.

---

सांजवेळ

किती मनापासून लिहिलंय सगळ्यांनी, खरंच आभार! मोठीआई, डोळ्यात पाणी आलं वाचताना.

अपडेट देते. विषय काढून घ्यायची तारीख अजून गेलेली नाही, एक विषय काढतेय, दोन ठेवतेय. पुस्तकांवर लॅपटॉप चढवलाय आणि माऊस खरंच लांब होता, पाठकणा यांनी न बघता ओळखलं. मंगळवार-गुरुवारचं घरात बोलले, मुलीने दारावर लावायला पाटी पण केली.

एक शेवटची शंका. जे दोन विषय ठेवलेत त्यातल्या एकाची असाइनमेंट पुढच्या शुक्रवारी आहे आणि ती माझ्याच्याने पूर्ण होणार नाही असं आताच दिसतंय. ट्यूटरला मेल करू का? की अर्धवट का होईना वेळेत देऊन टाकू?

---

हिशोबी

आजच मेल करा, शुक्रवारची वाट बघू नका. मुदतीच्या आधी मागितलेली वाढ बऱ्याचदा मिळते, मुदत उलटल्यावर मागितली तर ट्यूटरच्या हातात फारसं काही उरत नाही. मेल चार ओळींचा ठेवा: विषयाचं नाव आणि असाइनमेंट नंबर, आत्तापर्यंत काय झालंय, काय राहिलंय, आणि नेमकी कुठल्या तारखेपर्यंत हवंय. "थोडा वेळ द्या" असं मोघम नको, तारीख लिहा. जेवढं झालंय ते सोबत जोडा. उशिरा दिल्यास मार्क किती कापतात तेही नियमात बघून ठेवा, काही ठिकाणी दिवसाला ठरावीक टक्के जातात, आणि वाढ नाहीच मिळाली तर अर्धवट वेळेत देण्यात फायदा आहे की पूर्ण करून दोन दिवस उशिरा, ते त्या आकड्यावरूनच ठरवा.